संथ पावलांचा आजार

आमच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्काला, गौरींच्या सणाला बांगड्या भरण्याची लहानपणापासून हौस. आणि दर वर्षी त्या निमित्ताने घरी येणाऱ्या कासाराला तिच्या हाताचे माप इतके पाठ, की काही न विचारता तो सव्वादोनच्या बांगड्यांची चळत सोडीत असे. एके वर्षी मात्र बोटे दाबून, अंगठा मुडपून, साबणाचे पाणी लावून पाहिले तरी त्या बांगड्या मनगटावर उतरेनात, आणि अखेरीस अडीचच्या मापावर भागवावे लागले. कासार जुना, घरोब्यातला. तो म्हणाला, ‘‘ताई, हात सुजलाय तुमचा.’’ आक्का म्हणाली, ‘‘सूज कसली, अंग सुटलंय. पन्नाशी आली आता.’’ मी शेजारीच बसलो होतो. कासाराने अंगठ्याने जेथे दाबले होते तेथे खड्डा पडला नव्हता, एवढे मला आजही स्पष्ट आठवते. परंतु त्या न पडलेल्या खड्ड्यालाही काही अर्थ असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

त्यापुढील दोन वर्षांत तिला चैत्रातही शाल लागू लागली; आवाज इतका जाड झाला की फोनवर ओळखीची माणसे तिला ‘दादा का?’ असे विचारीत. फणीत केसांचे पुंजके येऊ लागले, पोट साफ होईना, पाळी थांबण्याच्या वयात ती उलट अंगावरून अधिक जाऊ लागली, आणि दुपारी तांदूळ निवडायला बसलेली आक्का सूप मांडीवर तसेच ठेवून डुलक्या घेऊ लागली. या प्रत्येक गोष्टीला घरात स्वतंत्र कारण सापडत होते: थंडीला अशक्तपणा, आवाजाला पडसे, केसांना बोअरिंगचे पाणी, झोपेला वय. या साऱ्यांचा मिळून एक धागा असेल असा संशय कोणालाच आला नाही. एका डॉक्टरांनी रक्तवाढीचे औषध दिले, दुसऱ्यांनी सांधेदुखीची इंजेक्शने टोचली, आणि घरातल्या तरण्या पोरांची मजल तर ‘मावशी हल्ली आळशी झालीय’ असे म्हणण्यापर्यंत गेली. आक्कानेही आपल्या पिढीच्या बायकांच्या रीतीप्रमाणे सारे निमूटपणे अंगावर काढले.

तिसऱ्या डॉक्टरांनी तिला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवले आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडीने हलकेच ठोकले. पाऊल झटक्यासरशी हलले, परंतु पूर्वस्थितीत येताना ते असे सावकाश, जणू पाण्यातून, खाली आले, की मलाही तो फरक दिसला. त्यांनी तिच्या गळ्यावर मागून दोन्ही हातांची बोटे ठेवून तिला घोटभर पाणी गिळायला सांगितले, आणि रक्ताची एक तपासणी लिहून दिली. निरोगी माणसात जो आकडा साधारणतः 0.4 ते 4 च्या दरम्यान असतो, तो तिच्या रक्तात 72 निघाला. आजाराचे नाव होते हाशिमोतोचा थायरॉईडदाह. हा आजार इतक्या संथ पावलांनी येतो की त्याने केलेले बदल रोग्याच्या स्वभावात जमा होतात. आणि मग औषधाऐवजी त्या माणसाला दूषणे मिळत राहतात. या विषयावर लिहावेसे वाटले ते मुख्यतः याच कारणासाठी.

थायरॉईड, म्हणजे मराठी परिभाषेत अवटू ग्रंथी, ही कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला कवटाळून बसलेली, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची, 15 ते 20 ग्रॅम वजनाची एक मऊ गाठ आहे. टॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने 1656 साली तिला तिचे आजचे नाव दिले, तेव्हा तिचा उपयोग मानेला गोलाई व शोभा आणण्यासाठी, विशेषतः स्त्रियांच्या, असावा अशीही त्याची एक कल्पना होती. तिची वाढ मात्र त्याहून फार पूर्वीपासून लोकांच्या नजरेत भरलेली होती. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आहेच. परंतु ही ग्रंथी वस्तुतः काय करते याचा उलगडा व्हायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

ती जे करते ते थोडक्यात असे. अन्नपाण्यातून येणारे आयोडीन ती रक्तातून वेचून घेते आणि त्यापासून दोन द्रव्ये तयार करते. एकात आयोडीनचे चार अणू असतात, त्याला थायरॉक्सिन किंवा टी-फोर म्हणतात. दुसऱ्यात तीन असतात, ते टी-थ्री. ग्रंथीतून बाहेर पडतो तो बहुतांशी टी-फोर. यकृतादी अवयवांत त्यातला एक अणू सुटून त्याचा टी-थ्री होतो, आणि प्रत्यक्ष काम हा टी-थ्री करतो. काम कोणते, तर शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीने किती वेगाने इंधन जाळावे याचे प्रमाण ठरविण्याचे. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगाची ऊब, केसांची वाढ, पाळीचे चक्र, गर्भातल्या बाळाच्या मेंदूची घडण, ही सारी खाती या एकाच कचेरीशी जोडलेली असतात. म्हणूनच ती मंदावली म्हणजे तक्रारी एका अवयवातून न येता चहूकडून, निरनिराळ्या नावांनी येतात, आणि रोगी निरनिराळ्या दारी हिंडत राहतो.

या कचेरीवर वरिष्ठांची देखरेख असते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोष ग्रंथी आहे. रक्तातील थायरॉक्सिन कमी झाल्याचे तिला कळले की ती टी.एस.एच. नावाचे द्रव्य सोडून अवटू ग्रंथीकडे अधिक कामाचा तगादा लावते, आणि पुरेसे मिळाले की तगादा आवरता घेते. रक्ताच्या अहवालात टी.एस.एच. ‘वाढलेला’ पाहून आपला थायरॉईड ‘वाढला’, म्हणजे जोरात चालू लागला, अशी समजूत कितीतरी सुशिक्षित माणसे करून घेतात. वास्तविक तो आकडा ग्रंथीच्या कामाचा नव्हे, तगाद्याचा आहे. वसुली थकली म्हणजे तगादे वाढतात, त्याप्रमाणे ग्रंथी थकली म्हणजे टी.एस.एच. वाढतो. आक्काच्या रक्तातले 72 म्हणजे दाद न देणाऱ्या एका दारावर एकसारखी पडणारी थाप होती.

आता हे दार बंद कोणी केले, हा प्रश्न. त्याच्या उत्तराचा आरंभ जपानात झाला. क्यूशू बेटावरील फुकुओका येथील वैद्यकीय विद्यालयातून 1907 साली बाहेर पडलेला हाकारू हाशिमोतो हा तरुण शल्यवैद्य, चार मध्यमवयीन स्त्रियांच्या गळ्यातून शस्त्रक्रियेने काढलेल्या अवटू ग्रंथींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असता, त्याला तेथे असे काही दिसले की ज्याचे वर्णन कोणत्याही ग्रंथात नव्हते. ग्रंथीच्या पेशींमध्ये श्वेतपेशींपैकी लसीका पेशींनी दाटीवाटीने मुक्काम ठोकला होता. इतकेच नव्हे, तर गाठी बांधून जणू वसाहत केली होती, आणि मूळच्या पेशी सुजून, विरूप होऊन, ठिकठिकाणी नुसते तंतू शिल्लक उरले होते. 1912 साली त्याने हे सारे एका जर्मन शल्यशास्त्रीय नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध केले. तेव्हा त्याचे वय 31 होते. पुढे तो अभ्यासासाठी जर्मनीस गेला. परंतु पहिले महायुद्ध सुरू झाले, त्याला परतावे लागले, आणि घरची जबाबदारी अंगावर आल्याने संशोधन सोडून तो आपल्या गावी साधा वैद्य म्हणून रोगी पाहू लागला. 1934 साली विषमज्वराने त्याचा अंत झाला. पाश्चात्त्य वैद्यकात तोवर त्याच्या निबंधाकडे कोणी फारसे वळून पाहिले नव्हते. हा एका दुसऱ्याच, आधी ठाऊक असलेल्या विकाराचा पूर्वार्ध असावा असे कित्येक तज्ज्ञ मानीत होते. ज्याचे नाव आज जगातल्या प्रत्येक रोगनिदान प्रयोगशाळेत दिवसाकाठी घेतले जाते, त्या माणसाला आपल्या शोधाची किंमत कळल्याशिवाय जावे लागले, याचे मला फार वाईट वाटते.

त्या लसीका पेशी तेथे का जमल्या हे हाशिमोतोला सांगता आले नाही, आणि येणेही शक्य नव्हते. कारण शरीराची संरक्षक व्यवस्था स्वतःवरच उलटू शकते ही कल्पनाच त्या काळच्या शास्त्राला असह्य होती. पॉल एर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाने शतकाच्या आरंभी असे प्रतिपादन केले होते की, स्वतःच्या घटकांविरुद्ध विष निर्माण करण्याची शरीराला उपजत दहशत असते. पुढे या मताला जवळजवळ कायद्याचे स्वरूप आले. त्याला तडा गेला तो 1956 साली. अमेरिकेतील बफेलो येथे एर्न्स्ट विटेब्स्की आणि त्याचा तरुण सहकारी नोएल रोझ यांनी सशांना सशांच्याच अवटू ग्रंथीचा अर्क टोचला, तेव्हा त्या सशांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तर निर्माण झालीच, शिवाय त्यांच्या ग्रंथींत हाशिमोतोने रेखाटलेले तेच दृश्य दिसू लागले. विटेब्स्की हा एर्लिखच्याच परंपरेत वाढलेला. आपल्या गुरुपरंपरेच्या विरुद्ध जाणारा हा पुरावा त्याने फेरतपासण्या करून, पुष्कळ काळ थांबून, मगच जगापुढे ठेवला. त्याच वर्षी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाशिमोतो रुग्णांचे रक्तद्रव आणि मानवी अवटू ग्रंथीचा अर्क समोरासमोर आणले, आणि दोहोंच्या भेटीच्या जागी साक्याची रेषा उमटली. रोग्याच्या रक्तात त्याच्याच ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे होती, याचा तो डोळ्यांना दिसणारा दाखला होता. एका विशिष्ट अवयवाचा ‘स्वयंप्रतिरक्षा’ विकार म्हणून जो वर्ग आज मानला जातो, त्याचा पाया या दोन प्रयोगांनी घातला.

आता असे का होते? याचे एकच एक कारण नाही. घराण्यातून येणारी प्रवृत्ती हा मोठा भाग. आईला असेल तर मुलींना, बहिणींना होण्याचा संभव वाढतो, आणि त्याच कुटुंबात कोणाला अंगावर कोड, कोणाला बालपणीचा मधुमेह, कोणाला ब-12 जीवनसत्त्व न पचण्याचा रक्तक्षय, असे त्याच जातीचे इतर विकारही आढळतात. स्त्रियांत तो पुरुषांच्या अनेक पट अधिक. बाळंतपणानंतरचे वर्ष विशेष नाजूक. कारण गर्भारपणात आवरून धरलेली प्रतिकारशक्ती प्रसूतीनंतर पुन्हा उसळी घेते, आणि कित्येक बाळंतिणींची ग्रंथी त्या लाटेत सापडते. आधी काही आठवडे छाती धडधडणे, घाम, चिडचिड, मग मागाहून थकवा आणि उदासी, असा तो क्रम असतो. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्याला बाळंतवाताच्या खात्यात टाकून मोकळ्या होतात. अशा सुनांपैकी एकीचे जरी रक्त वेळेवर तपासले गेले तर माझ्या या लेखाचे श्रम फुकट गेले नाहीत असे मी समजेन.

आयोडीनचा येथे एक विचित्र संबंध आहे. आयोडीनच्या अभावी गलगंड होतो. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन मिसळून तो हटविता येतो हे सिद्ध केले, आणि त्यातूनच 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीनची मात्रा वाढली की, ज्यांच्या ठायी मुळात प्रवृत्ती आहे अशा काही जणांत, हाशिमोतोचा विकार डोके वर काढतो, हेही निरनिराळ्या देशांत दिसून आले आहे. परंतु यावरून कोणी घरातले आयोडीनयुक्त मीठ फेकून सैंधव वापरू लागेल, तर तो मोठा अविचार ठरेल. प्रौढ माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम, गर्भवतीला सुमारे 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, ते नेहमीच्या मिठातून सहज मिळते. आणि गर्भातल्या मेंदूची आयोडीनअभावी होणारी हानी मागाहून कोणत्याही औषधाने भरून येत नाही. समुद्रशेवाळाच्या किंवा ‘थायरॉईडसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आयोडीनच्या गोळ्या मात्र हाशिमोतोच्या रोग्याने घेऊ नयेत.

विकाराची वाटचाल सर्वांत सारखी नसते. कित्येकांच्या रक्तात प्रतिपिंडे वर्षानुवर्षे असतात आणि ग्रंथी काम करीतच राहते. भारतातील आठ शहरांत झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 5376 प्रौढांपैकी सुमारे 11 टक्क्यांत थायरॉईडची मंदता आढळली, आणि थायरॉईडविरोधी प्रतिपिंडे जवळजवळ 22 टक्क्यांत. त्या मंदावलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना आपल्याला असे काही आहे याचा पत्ताही नव्हता. आरंभी ग्रंथीची मोडतोड होताना आत साठवलेले द्रव्य एकदम रक्तात सांडते, त्यामुळे काही जणांना अल्पकाळ उलट लक्षणेही दिसतात. याच घराण्यातला दुसरा विकार म्हणजे ग्रेव्ह्जचा आजार. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्जने 1835 साली वर्णिलेल्या या आजारात प्रतिपिंडे ग्रंथीचा नाश करण्याऐवजी तिला सतत चाबूक मारीत राहतात. वजन उतरते, हात कापतात, डोळे बाहेर येतात. त्याचा इलाज निराळा, तातडी निराळी, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

निदानासाठी टी.एस.एच. आणि मुक्त टी-फोर या दोन तपासण्या बहुधा पुरतात. कारण हाशिमोतोचेच आहे याची खातरजमा टी.पी.ओ. प्रतिपिंडांच्या तपासणीने होते. ही प्रतिपिंडे दहापैकी नऊ रोग्यांत सापडतात. त्यांचा आकडा 300 आहे की 1300, यावर उपचाराची मात्रा ठरत नाही. तरीही दर सहा महिन्यांनी ती तपासणी करवून, आकडा थोडा उतरला की पेढे वाटणारे आणि चढला की झोप उडवून घेणारे रोगी मी पाहिले आहेत. एकदा निदान पक्के झाले की ती पुन्हा पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. दुसरी गोष्ट, टी.एस.एच. 5 किंवा 6 आढळला म्हणून लगेच जन्मभराची गोळी लागतेच असे नाही. टी-फोर व्यवस्थित असेल तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. पुष्कळदा आकडा आपण होऊन खाली आलेला असतो, आणि सत्तरी ओलांडलेल्यांत तर तो थोडा वर असणे हे वयाचेच लक्षण असू शकते. तो 10 च्या वर गेला, किंवा स्त्री गर्भवती असली अथवा होऊ इच्छीत असली, तर प्रश्न बदलतो. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या तपासणीपूर्वी दोन-तीन दिवस बंद ठेवाव्यात, नाहीतर यंत्र खोटे आकडे देते.

ग्रंथीवरचा हा हल्ला थांबविणारे औषध अद्याप नाही. परंतु ग्रंथी जे देत नाही ते बाहेरून देणे, हा उपाय इतका परिपूर्ण आहे की आधुनिक वैद्यकात त्याच्या तोडीची उदाहरणे थोडी सापडतील. 1891 साली न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टराने 46 वर्षांच्या एका स्त्रीला, जिचे अंग सुजले होते, बोलणे जड झाले होते आणि जी घराबाहेर पडेनाशी झाली होती, मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचण्यास आरंभ केला. काही महिन्यांत ती हिंडूफिरू लागली. पुढे अर्क पोटातून घेऊन ती आणखी 28 वर्षे जगली आणि 1919 साली 74 व्या वर्षी वारली. तेवढ्या काळात तिने 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींचा अर्क घेतल्याचा हिशेब मरेने मांडून ठेवला आहे. 1914 च्या नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडॉलने थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे केले, 1927 साली चार्ल्स हॅरिंग्टन व जॉर्ज बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनविले, आणि त्याचीच आजची आवृत्ती म्हणजे औषधाच्या दुकानात 100 गोळ्यांच्या बाटलीत मिळणारे लिव्होथायरॉक्सिन.

या गोळीचे पथ्य लहान आहे, पण ते कडक पाळावे लागते. पहाटे उठल्यावर, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहादेखील घेऊ नये. महाराष्ट्रीय घरात हा अर्धा तास फार मोठा वाटतो. आक्का आरंभी गोळी चहाच्या घोटाबरोबरच घेई. परिणामी तीन महिन्यांनी टी.एस.एच. अद्याप 19 वर रेंगाळत होता आणि मात्रा वाढविण्याचा विचार चालू होता. शेवटी बाटली चहाच्या डब्याशेजारून उचलून उशापाशी, तांब्याभांड्याजवळ, आणून ठेवली. मात्रा तीच राहिली, आकडा उतरला. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनला पोटातच बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे; नेमक्या याच दोन गोळ्या आपल्याकडे पन्नाशीच्या बाईला आणि गर्भवतीला दिल्या जातात, हे लक्षात ठेवावे. सकाळ जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. मात्र वेळ रोज तीच असावी.

मात्रा वजनावर ठरते. ग्रंथी पूर्ण निकामी असेल तर दर किलोला सुमारे 1.6 मायक्रोग्रॅम. वृद्धांना आणि हृदयरोग्यांना मात्र 12.5 किंवा 25 पासून चढवीत न्यावे लागते. कारण कित्येक वर्षे संथ चाललेल्या हृदयाला एकाएकी पळवणे धोक्याचे. आणि येथेही घाई उपयोगाची नाही. थायरॉक्सिनची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे मात्रा बदलल्यानंतर नवा समतोल साधायला सहा आठवडे जावे लागतात. त्याआधी केलेली तपासणी अर्धवट कैफियत ऐकून निकाल देण्यासारखी होय. आठ दिवसांत बरे वाटले नाही म्हणून गोळी बंद करणारे जितके चुकतात, तितकेच आकडा ठीक आला म्हणून ती सोडून देणारे चुकतात. आकडा ठीक आला तो गोळीमुळे. अवाजवी मात्राही घातकच. वजन उतरविण्याच्या लोभाने जास्त गोळ्या घेणाऱ्यांची हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाचा ताल बिघडतो.

खाण्यापिण्याविषयी मात्र लोक विनाकारण भिववतात. कोबी, फुलकोबी, मुळा यांत ग्रंथीच्या कामात थोडा अडथळा आणणारी द्रव्ये असतात हे खरे. परंतु शिजवल्याने ती पुष्कळशी कमी होतात, आणि ज्याच्या आहारात आयोडीन पुरेसे आहे त्याने भाजीवाल्यापुढे भीत उभे राहण्याचे कारण नाही. बाजरीचीही तीच कथा. जेथे जेवण म्हणजे जवळजवळ निव्वळ बाजरी आणि आयोडीन नाममात्र, अशा सुदानच्या काही भागांत तिचा गलगंडाशी संबंध आढळला आहे. पण पौषात तीळ लावलेली भाकरी आयोडीनयुक्त मिठाच्या जेवणात खाणाऱ्याला तिने अपाय होईल असे मानण्यास आधार नाही. योगासने, प्राणायाम, चालणे यांनी थकवा आणि मनाची मरगळ कमी होते, म्हणून ती अवश्य करावीत. ती गोळीच्या जागी करू नयेत. ‘मुळापासून बरा करतो’ असे आश्वासन देऊन जो कोणी थायरॉक्सिन बंद करायला सांगेल, त्याच्याकडून उठून यावे. आकडे ठीक असूनही काही जणांचा थकवा पूर्णपणे जात नाही, आणि अशांना ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठविणे हा अन्याय आहे. त्यांचे रक्त, लोह, ब-12, झोप, मन, सारे नीट पाहिले पाहिजे.

आक्काला बरे वाटू लागले ते कोणत्याही एका दिवशी नव्हे. तिसऱ्या महिन्यात शाल खुंटीवर राहिली, पाचव्यात आवाजातला जाडपणा गेला, केस मात्र वर्षभर वाट पाहायला लावून आले. तिचे निदान झाले तेव्हा डॉक्टरांनी तिच्या मुलीचेही रक्त तपासून घ्यायला सांगितले होते. आणि सव्वीस वर्षांच्या, तोवर काहीच तक्रार नसलेल्या त्या मुलीचा टी.एस.एच. 11 आणि प्रतिपिंडे वाढलेली निघाली. तिला गोळी सुरू झाली. पुढे तिला दिवस राहिले, तेव्हा गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असतो, म्हणून डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवल्याप्रमाणे तिने वाट न पाहता आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घेण्यास सुरुवात केली आणि मग तपासणीला गेली. टी.एस.एच. 2.5 च्या आत ठेवायचा होता. दर महिन्याला रक्त द्यावे लागे. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मंगळवार आणि शनिवारच्या चौकोनांत आक्का स्वतःच्या हाताने दोन-दोन टिंबे काढून ठेवी, आणि रात्री लेकीला फोन करून विचारी, ‘‘घेतलीस का गं दुसरी?’’

बाळ जन्मले त्याच्या तिसऱ्या दिवशी परिचारिकेने त्याच्या टाचेला बारीक सुई टोचून रक्ताचा एक थेंब टिपकागदावर घेतला. पहिल्या दिवशी टी.एस.एच.चा आकडा निसर्गतःच चढलेला असतो, म्हणून तेवढे थांबायचे. बाळ रडले, आणि आक्का त्याचे पाऊल ओंजळीत धरून फुंकर घालीत बसली. चार दिवसांनी अहवाल आला; बाळाचा टी.एस.एच. ठीक होता. आक्काने तो कागद आपल्या आणि लेकीच्या कागदांबरोबर एकाच दप्तरात लावून ठेवला आहे.